रॉय ऑफ द रोव्हर्स : डाव्या पायाचा नायक पुन्हा १६ वर्षांचा होतो तेव्हा

पूर्वरंग (धागाकर्ता)

ब्रिटिश चित्रकथांतला फुटबॉलपटू रॉय रेस परत आला आहे, आणि येताना तो १६ वर्षांचा होऊन आला आहे. ऑक्सफर्डच्या रिबेलियन या प्रकाशनसंस्थेने २०१६ साली जुन्या ब्रिटिश चित्रकथांचा मोठा साठा विकत घेतला आणि २०१८ च्या शरद ऋतूत ‘रॉय ऑफ द रोव्हर्स’ नव्याने सुरू केली. मी ती पुस्तके सावकाश, मधे मधे जुने अंक काढून ताडून पाहत वाचली. जुन्या रॉयवर जीव असलेल्या वाचकाला हे पुनरुज्जीवन पटावे की खटकावे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. त्याचे माझ्यापुरते उत्तर मांडतो आणि इथल्या जाणकारांची मते मागवतो.

ज्यांचा रॉयशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ११ सप्टेंबर १९५४ रोजी ‘टायगर’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि त्यातच रॉय अवतरला. लेखक फ्रँक पेपर, चित्रकार जो कोहून. पेपर यांनी सुरुवातीचे मोजके भाग लिहिले आणि पुढे कोहून चित्रांबरोबर कथाही सांभाळू लागले. मिलस्टनच्या युवक क्लबात खेळणाऱ्या एका मुलाला आल्फ लीड्स नावाचा स्काऊट (क्लबासाठी नवे खेळाडू शोधणारा) हेरतो, मुलगा आपला मित्र ब्लॅकी ग्रे याच्यासह मेलचेस्टर रोव्हर्स या नामांकित क्लबात दाखल होतो आणि पहिल्या संघापर्यंत पोहोचतो, एवढ्या साध्या बीजावर ही कथा जवळजवळ ४० वर्षे चालली. मेलचेस्टर हे शहर इंग्लंडच्या नकाशावर नाही, तरी त्याचे मेल पार्क हे मैदान, लाल-पिवळा पोशाख आणि रॉयच्या डाव्या पायातून सुटणारा ‘रेसीज रॉकेट’ हा फटका तिथल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ होता. २५ सप्टेंबर १९७६ पासून रॉयच्या नावाने स्वतंत्र साप्ताहिक निघू लागले आणि त्याचे ८५१ अंक निघाले. भरभराटीच्या काळात आठवड्याला सुमारे साडेचार लाख प्रती खपत असत.

आता १९५४ या सालाकडे जरा थांबून पाहू. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात हंगेरीने वेम्बली मैदानावर इंग्लंडचा ६–३ असा पराभव केला होता, आणि १९५४ च्या मे महिन्यात बुडापेस्टला त्याच हंगेरीने इंग्लंडला ७–१ असे धुऊन काढले होते. हा खेळ आपण जगाला शिकवला, असे मानणाऱ्या देशाला आपण मागे पडल्याचे एकाएकी कळले. व्यावसायिक खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला १५ पौंडांची कमाल मर्यादा होती, युद्धकाळापासून चालत आलेले अन्नाचे रेशनिंग त्याच जुलैत पूर्णपणे संपले होते, आणि अशा सप्टेंबरात एक सोनेरी केसांचा, सभ्य, कधीही खोटे न खेळणारा मुलगा दर आठवड्याला शेवटच्या मिनिटाला गोल करू लागला. निर्मात्यांच्या मनात हे सारे होते, असा माझा दावा नाही. ते एक मुलांचे साप्ताहिक विकत होते. पण वाचणाऱ्या मुलांच्या घरात ती ६–३ ची बोच ताजी होती, हे विसरून रॉयचे यश समजत नाही.

इथूनच माझे मुख्य म्हणणे सुरू होते. रॉय हा विजयांचा नायक म्हणून सगळ्यांच्या स्मरणात आहे. मला मात्र असे दिसते की इंग्लिश फुटबॉलला ज्या ज्या काळात जे दुखणे होते, ते त्या त्या काळात मेलचेस्टरच्या अंगावर उमटले आहे, आणि कथा जिवंत राहिली ती तेवढ्या काळात, जेव्हा हे दुखणे तिने ओळखले. १९८० च्या दशकातली तिची वळणे आज भडक वाटतात, त्यांविषयी कुणी विचारले तर पुढे लिहीन. पण मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानाला आग लागून आणि त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली, आणि १९८६ च्या उन्हाळ्यात मेलचेस्टरचा संघ परदेश दौऱ्यावर असताना दहशतवादी हल्ल्यात आठ खेळाडू मारले गेले, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर त्या भडकपणाखाली काहीतरी खरे जाणवते.

मग १९९३ आले. आधीच्या ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली होती, दूरचित्रवाणीचा पैसा खेळात शिरला होता आणि रॉय जे चौकटींत करून दाखवी त्याहून अद्भुत गोष्टी मुलांना पडद्यावर दिसू लागल्या होत्या. २० मार्च १९९३ च्या शेवटच्या अंकात रॉयचे हेलिकॉप्टर कोसळते. पुढे त्याच सप्टेंबरात सुरू झालेल्या मासिकातून वाचकांना समजते की तो वाचला आहे, पण त्याचा डावा पाय गेला आहे. तोच डावा पाय! मासिक जानेवारी १९९५ मध्ये बंद पडले. १९९७ ते २००१ या काळात बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ मासिकात ही कथा आणखी एकदा चालली, पण त्या भागांत मला जुन्या वाचकांचे समाधान करण्यापलीकडे फारसे काही सापडत नाही.

रिबेलियनने हा सगळा संसार बाजूला ठेवला. रॉब विल्यम्स यांच्या लेखणीतून आणि बेन विल्शर यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या नव्या कथेत रॉय शाळकरी वयाचा आहे, त्याचे वडील मेंदूतल्या गाठीच्या आजारातून सावरलेले नाहीत, घर ओढाताणीत आहे, आणि मेलचेस्टर रोव्हर्स हा एकेकाळचा युरोपविजेता क्लब चौथ्या श्रेणीत घसरला आहे. मालक बॅरी क्लीव्हर पहिल्या संघातले खेळाडू विकून टाकतो आणि नाइलाजाने व्यवस्थापकाला अकादमीतली पोरे मैदानात उतरवावी लागतात. रॉयला संधी मिळते ती अशी, कुणाच्या तरी हव्यासातून. पहिली पुस्तके निघाल्यानंतर वर्षही उलटले नसताना, ऑगस्ट २०१९ मध्ये, बरी या १८८५ साली स्थापन झालेल्या आणि एफए कप ही इंग्लंडमधली नामांकित स्पर्धा दोन वेळा जिंकलेल्या क्लबाची आर्थिक डबघाईमुळे फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली. चित्रकथा वास्तवाच्या किती जवळून चालली होती याचा याहून वेगळा पुरावा मला नको.

म्हणून माझे मत नव्या रॉयच्या बाजूने आहे. मात्र एक गोष्ट मला पटवून घ्यावी लागली, आणि ती पूर्णपणे पटली असे अजूनही म्हणवत नाही : चार दशकांचा इतिहास पुसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करणे. यावर आपले मत काय?

कूपरेजचा कठडा

धागा आवडला, निष्कर्ष पटला नाही.

मुंबईत वाढलेल्या माझ्यासारख्यांना ‘रोव्हर्स’ हा शब्द रॉयच्या आधीपासून परका नव्हता. १८९१ साली सुरू झालेला फुटबॉलचा रोव्हर्स कप आमच्या कूपरेज मैदानावर होत असे, आणि फोर्टातल्या पदपथावर जुन्या ब्रिटिश साप्ताहिकांच्या गठ्ठ्यांत पहिल्यांदा ‘रॉय ऑफ द रोव्हर्स’ हे नाव दिसले, तेव्हा मला बराच काळ खात्री होती की त्याचा आपल्याच स्पर्धेशी संबंध असला पाहिजे. ते अंक क्रमाने मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एका अंकात रॉय रुग्णालयात, पुढच्यात (म्हणजे प्रत्यक्षात तीन वर्षे आधीच्या) त्याचे लग्न, आणि मधले सगळे आपण आपल्या मनाने भरून काढायचे. या तुटक वाचनामुळेच मला असे ठामपणे वाटते की रॉयची खरी ताकद साचत गेलेल्या काळात होती. क्लबाची सचिव पेनी लेन हिच्याशी त्याची ओळख, लग्न, मुले, दुरावा, व्यवस्थापकपदाची जबाबदारी, संचालक मंडळाशी भांडून १९८३ मध्ये वॉलफर्ड रोव्हर्सकडे जाणे आणि पुन्हा घरी परतणे, हे सगळे वाचकाच्या वयाबरोबर घडत गेले. सुपरहीरो जसे कायम तिशीतच राहतात तसा तो राहिला नाही. म्हातारा मात्र फार सावकाश झाला, हे मान्य.

आपण म्हणता की नव्या कथेने आजचे दुखणे ओळखले. ओळखू दे की! पण त्यासाठी रॉयला पुन्हा १६ वर्षांचा करण्याची काय गरज होती? एक पाय गमावलेला, साठी ओलांडलेला रॉय रेस आपल्या कर्जबाजारी क्लबाच्या दारात उभा आहे आणि त्याचा नातू मैदानात उतरतो आहे, अशी कथा लिहिता आली नसती का? त्यात क्लीव्हरसारखा मालक अधिक झोंबला असता, कारण तो काय लुटतो आहे हे वाचकाला ठाऊक असते. नव्या पुस्तकात मेलचेस्टर एकेकाळी मोठा होता असे सांगितले जाते. जुन्या वाचकाने तो मोठा असताना पाहिला होता.

शंकासूर

क्षमा असावी, पण या चर्चेत एक अवघड प्रश्न कुणी विचारत नाही. या कथा मुळात चांगल्या होत्या का? मी अलीकडे काही जुने भाग वाचले. रॉयचे अपहरण होते. तो सुटतो. पुन्हा अपहरण होते. कुठल्यातरी काल्पनिक दक्षिण अमेरिकी देशात संघ सहलीला जातो आणि तिथे बंडखोर त्यांना धरतात. सामन्याच्या प्रत्येक चौकटीत प्रेक्षकांतला कुणीतरी शेजाऱ्याला, जे समोर स्पष्ट दिसते आहे तेच, तपशिलाने समजावून सांगतो. लहानपणी वाचले म्हणून गोड लागते, एवढेच याचे मूल्य असेल तर पुनरुज्जीवनाच्या बऱ्यावाईटाची चर्चा कशाच्या आधारावर करायची?

पूर्वरंग (धागाकर्ता)

शंकासूर यांचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे त्याला आधी उत्तर देतो. ‘कठडा’ यांच्या आक्षेपाकडे नंतर वळतो.

अपहरणांमागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्यात थांबतो, साप्ताहिक मात्र थांबू शकत नाही. त्या आठवड्यांत सामनेच नसतील तर नायकाने करायचे काय? मग परदेश दौरे, बेटे, बंडखोर आणि अपहरणे. रॉयचे किमान पाच वेळा तरी अपहरण झाले आणि त्यांतली बहुतेक हंगामाबाहेरची आहेत. दर आठवड्याला ठरलेली पाने भरायची, प्रत्येक भाग उत्कंठेच्या क्षणी तोडायचा आणि पुढच्या अंकात नव्या वाचकालाही धागा लागेल इतपत मागचे सांगायचे, या तिहेरी सक्तीतून तो प्रेक्षकांतला बोलघेवडा माणूस जन्माला आला. चौकटीत चेंडूची गती दाखवता येते, पण हा सामना हरल्यास क्लब स्पर्धेबाहेर जाणार आहे, किंवा रॉय दुखापत लपवून खेळतो आहे, हे चित्रातून सांगता येत नाही. कुणीतरी बोलावेच लागते. गोंधळी कथा सांगत असताना मागे उभा असलेला झीलकरी जसा अडवून विचारतो आणि त्या निमित्ताने श्रोत्यांना उकल होते, तसेच हे काम आहे. नव्या पुस्तकांत हे प्रेक्षक फार कमी बोलतात, आणि मला त्यांची उणीव भासते.

आता भडकपणाबद्दल. डिसेंबर १९८१ मध्ये कुणा अज्ञात व्यक्तीने रॉयवर गोळी झाडली. अमेरिकेतल्या ‘डॅलस’ मालिकेत आदल्या वर्षी जे. आर. या पात्रावर झालेल्या गोळीबाराने जग वेडे केले होते, त्याचीच ही उघड नक्कल होती. हल्लेखोर निघाला एल्टन ब्लेक नावाचा नट, ज्याला रॉयवरच्या दूरचित्रवाणी मालिकेतून काढून टाकण्यात आले होते. मौज अशी की रॉय बेशुद्धावस्थेत असताना संघाची सूत्रे सर आल्फ रॅमसे यांच्याकडे जातात. व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक जिंकून देणारे खरेखुरे रॅमसे! वेम्बलीवरच्या त्या ६–३ च्या सामन्यात इंग्लंडचा पेनल्टीवरचा गोल याच रॅमसे यांनी केला होता आणि तो त्यांचा इंग्लंडसाठीचा शेवटचा सामना ठरला होता. ज्या पराभवाच्या सावलीत रॉयचा जन्म झाला, त्यातला एक खेळाडू २७ वर्षांनी कागदावर रॉयचा क्लब सांभाळतो, हे मला कोणत्याही रचलेल्या योगायोगापेक्षा सुंदर वाटते. लेखकाला ते सुचले होते की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही.

१९८५ साली तर कहरच झाला. निवृत्त झालेले खरेखुरे फुटबॉलपटू बॉब विल्सन आणि एमलिन ह्यूज मेलचेस्टरकडून खेळू लागले, ‘स्पँडाऊ बॅले’ या पॉप संगीतवृंदातले दोघे त्यांच्या जोडीला आले, आणि क्लबाचे अध्यक्ष झाले जेफ्री बॉयकॉट. होय, आपले तेच बॉयकॉट, ज्यांची फलंदाजी पाहताना आपल्याकडच्या कित्येकांना डुलकी लागली असेल. हे सगळे खपासाठी केलेले होते आणि ते वाईट होते, याबद्दल मी वाद घालणार नाही.

पण त्यानंतर वर्षभरात आठ खेळाडूंचा मृत्यू येतो. तो भाग बेचव आहे असे तेव्हाही म्हटले गेले. मला त्यात अडखळत का होईना, एक कबुली दिसते, की हा खेळ आता सुरक्षित राहिलेला नाही. एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेतून, जिच्यातील मृतांची संख्या अखेर ९७ झाली, ती भीती खरी ठरली. सर्वच भाग चांगले होते असे मी म्हणत नाही. जे लहान मुलांना सांगणे अवघड होते ते सांगण्याचा प्रयत्न ही कथा मधूनमधून करत असे, आणि म्हणून तिचे मूल्यमापन करता येते, एवढे म्हणतो.

पूर्व कोलकात्याचा

या चर्चेत बंगालचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. वडिलांच्या नोकरीमुळे माझी शाळेची वर्षे कोलकात्यात गेली. घरात मराठी आणि बाहेर बंगाली. तिथे ‘आनंदमेला’ या मुलांच्या पत्रिकेत ‘रोभार्सेर रॉय’ या नावाने ही चित्रकथा बंगालीत छापून येत असे. त्याच पत्रिकेत टिनटिनही बंगालीत येत असल्यामुळे मुलांच्या दृष्टीने दोघे एकाच घरातले होते. माझ्या वर्गातल्या मुलांना रॉय परदेशी वाटतच नसे. त्यात आडनावाचाही वाटा असावा, कारण रॉय हे बंगालमध्ये सर्रास आढळणारे आडनाव आहे आणि शेजारच्या गल्लीत दोन तरी रॉयबाबू राहत असत.

मोहनबागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबांच्या सामन्याच्या दिवशी ज्या शहरात कुणाच्या घरी चिंगडी (कोळंबी) आणि कुणाच्या घरी इलिश (हिलसा मासा) शिजते त्या शहराला मेलचेस्टरची निष्ठा समजावून सांगावी लागत नव्हती. रॉय वॉलफर्डकडे गेला तेव्हा आमच्या वर्गात खरोखरचे भांडण झाले होते. म्हणून ‘कठडा’ यांच्याशी मी सहमत आहे. वर्षानुवर्षे एका क्लबाला धरून राहिलेला माणूस नसेल तर ती कथा रॉयची कशी?

लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे या पुस्तकांकडे माझे पाहणे वेगळ्या बाजूचे आहे. मी जुना रॉय लहानपणी वाचलेला नाही. स्मरणरंजनाचा माझा हिस्सा शून्य आहे, असे समजा.

धाग्यात अजून न आलेली एक महत्त्वाची गोष्ट सांगते. नवी मालिका फक्त चित्रकथांची नाही. टॉम पामर यांनी त्याच कथानकाच्या छोट्या कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि त्या चित्रपुस्तकांना पूरक नसून कथेचाच पुढचा टप्पा आहेत. म्हणजे एक भाग गद्यात, पुढचा चित्रांत, त्यापुढचा पुन्हा गद्यात. चित्रे पाहण्यासाठी आलेल्या मुलाला पुढे काय झाले हे कळण्यासाठी गद्य वाचावेच लागते. फुटबॉलशिवाय कशातच रस नसलेली, पुस्तक हातात धरायला तयार नसलेली मुले माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींनी केवळ या गुंफणीमुळे आयुष्यातली पहिली कादंबरी पूर्ण केली. जुन्या साप्ताहिकाच्या उत्कंठेचे काम आज या रचनेने केले आहे, असे मला वाटते. आठवडाभर थांबायला लावणारे साप्ताहिक आता कुणी काढणार नाही, पण मुलाला पुढच्या पुस्तकाच्या कपाटापर्यंत चालत न्यायचे कसे, हे या लोकांना कळले आहे.

दुसरी गोष्ट रॉयच्या बहिणीची. जुन्या कथेत रॉकी हे रॉयच्या मुलाचे टोपणनाव होते. नव्यात रॉकी ही त्याची धाकटी बहीण रोक्झॅन आहे, तीही उत्तम खेळते, आणि वडिलांच्या शुश्रूषेचा भार भावाबरोबर उचलते. पुढे तिला स्वतःचे कथानक मिळते. आता १९५४ सालचा विचार करा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्याशी संलग्न मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली होती, आणि ती १९७० च्या आसपासपर्यंत टिकली. त्या बंदीच्या आदल्याच वर्षी, १९२० च्या नाताळानंतरच्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. म्हणजे पेपर आणि कोहून यांनी ठरवले असते तरी रॉयच्या बहिणीला त्या काळातल्या मेल पार्कवर खेळू देता आले नसते. ‘पुसून पुन्हा सुरुवात’ याला आपण सगळे तोटा समजून चाललो आहोत. माझ्या शाळेतल्या मुलींच्या दृष्टीने ती पहिली सुरुवात आहे.

आणि नातवाची कथा लिहिता आली असती, हे ‘कठडा’ यांचे म्हणणे मोठ्या माणसांच्या पुस्तकासाठी उत्तम आहे. नऊ वर्षांच्या मुलाला आजोबांच्या पराक्रमाच्या ओझ्याखाली दबलेला नातू नको असतो. त्याला स्वतःच्या वयाच्या जवळचा, आज हरण्याची भीती असलेला मुलगा हवा असतो.

रेघोट्या

मी व्यवसायाने चित्रकार आहे, त्यामुळे कथेपेक्षा रेषेविषयी लिहितो.

जो कोहून यांचा रॉय आज पाहिला तर थोडा जाड, शांत, युद्धोत्तर काळातला वाटतो. हेच कोहून पुढे १९७९ पासून ‘चार्लीज वॉर’ ही पहिल्या महायुद्धावरची चित्रकथा काढू लागले, आणि चिखल, थकवा व भय रेखाटणारा त्या तोडीचा हात ब्रिटिश चित्रकथेत क्वचितच झाला. रॉयच्या चिखलभरल्या मैदानांत त्या हाताची पूर्वतयारी दिसते. १९६७ ते १९७४ या काळात रॉय काढत होत्या यव्हॉन हटन. लेस्टरवासी यांनी सांगितलेल्या बंदीच्या अखेरच्या वर्षांत इंग्लंडमधल्या मुलांचा सर्वांत लाडका फुटबॉलपटू एका स्त्रीच्या हातून आठवड्याला उतरत होता, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या पिढीचा रॉय मात्र डेव्हिड स्क्यू यांचा, १९७५ ते १९८६ या काळातला. कानांवर आलेले केस, रेखीव जबडा, आणि फटका मारतानाचे ते शरीर! आधार दिलेला पाय, कमरेतला पीळ, उलट दिशेला गेलेला हात, हे शरीरशास्त्र स्क्यू कधीही चुकवत नाहीत. चेंडू मात्र त्यांच्याकडे चौकट फोडून वाचकाच्या अंगावर येतो, आणि हे गेली कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवण्याचे उदाहरण आहे. बेन विल्शर हे ‘टू थाउजंड एडी’ या विज्ञानकथांच्या साप्ताहिकातून आलेले चित्रकार. त्यांच्याकडे प्रकाश अधिक, कोन अधिक धाडसी, आणि चेहरे फार बोलके. पण त्यांच्या सामन्यांत पानाची रचना जशी मोकळी होते तसा चेंडूचा माग कधीकधी सुटतो. कोण कुणाला देतो आहे हे पाहायला मला दोन-तीन ठिकाणी पान उलटून मागे जावे लागले. स्क्यू यांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या चौकोनी चौकटींत असे होत नसे, कारण तिथे नजर डावीकडून उजवीकडे निमूटपणे चालत असे आणि गोल नेहमी पानाच्या त्याच कोपऱ्यात वाट पाहत असे.

तरीही घरातले प्रसंग विल्शर यांचे सरस आहेत. खुर्चीत बसलेले वडील, दारात बूट हातात घेऊन उभा असलेला रॉय, आणि दोघांमध्ये रिकामी सोडलेली जागा. जुन्या रॉयला आईवडील होते, पण त्यांच्या घरात आपण कधी इतका वेळ बसलो नव्हतो.

कूपरेजचा कठडा

लेस्टरवासी यांच्या प्रतिसादाने माझा आक्षेप बोथट झाला हे खरे. मुलांसाठीचे पुस्तक मुलांनी ठरवावे, आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या लोकांनी नव्हे. तरी एक मुद्दा सोडवत नाही.

आपण सगळे रॉयच्या वयाविषयी बोलत आहोत, पण मला अधिक खटकते ते इतर पात्रांचे. नव्या कथेतला व्यवस्थापक केव्हिन माऊस आणि प्रशिक्षक जॉनी डेक्स्टर हे मूळ मेलचेस्टरचे नाहीत. माऊस म्हणजे ‘मायटी माऊस’ या वेगळ्या चित्रकथेतला गोलमटोल खेळाडू, जो पुढे जबरदस्त फटक्यांच्या हॅमिश या आणखी एका चित्रकथेतल्या खेळाडूबरोबर एकाच कथेत आला, आणि डेक्स्टर म्हणजे ‘द हार्ड मॅन’ या दुसऱ्या चित्रकथेचा नायक. जुन्या चित्रकथांचे सगळे नायक एकाच मालकाकडे आल्यावर त्याने त्यांना एका क्लबात नोकरीला लावले. हे पाहून मला हसू आले आणि आनंदही झाला, हे लपवत नाही. म्हणजे इतिहास पुसला, पण फक्त रॉयचा. इतरांना म्हातारे होऊन, आपापल्या खेळलेल्या वर्षांसह आत यायला परवानगी मिळाली. डेक्स्टर म्हातारा झालेला चालतो, मग रॉयच का नाही?

पूर्वरंग (धागाकर्ता)

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो बिनतोड आहे. माझ्याकडे त्याला एवढेच उत्तर आहे की रॉयचे नाव मुखपृष्ठावर आहे, आणि ज्याचे नाव मुखपृष्ठावर असते त्याला खेळावेच लागते. माऊस आणि डेक्स्टर बाकावर बसून ओरडू शकतात. रॉय बाकावर बसला तर काय होते ते १९९३ ते १९९५ च्या मासिकाने दाखवून दिले आहे. तिथे पाय गमावलेला रॉय व्यवस्थापक होता, मुलगा खेळत होता, म्हणजे आपण सुचवलेली कथा एका पिढीच्या फरकाने लिहून झाली होती. ती दीड वर्षही टिकली नाही. अर्थात ती वाईट लिहिली गेली म्हणून टिकली नाही, की मुळातच टिकण्यासारखी नव्हती, यावर आपले पुन्हा जमायचे नाही.

लेस्टरवासी

कुणी आपल्या मुलांसाठी ही पुस्तके घेणार असेल तर क्रमाचा घोळ टाळावा, म्हणून सांगते. सुरुवात टॉम पामर यांच्या ‘स्काऊटेड’ या कादंबरीने करावी आणि मग ‘किक-ऑफ’ हे पहिले चित्रपुस्तक घ्यावे. उलट क्रमाने वाचले तरी कथा कळते, पण रॉय मेलचेस्टरच्या दारापर्यंत कसा पोहोचला ते कादंबरीत आहे, आणि वडिलांच्या आजारपणाचा भागही तिथे अधिक सविस्तर आला आहे. घरात तशा आजाराचा अनुभव ताजा असेल तर आधी मोठ्यांनी वाचून पाहावे. जुने भाग मुलांपुढे ठेवायचे असतील तर मला वाटते १९८१ चे गोळीबार प्रकरण द्यावे. माझ्या शाळेतल्या मुलांना हल्लेखोर कोण हे ओळखण्यात सर्वाधिक गंमत वाटली, आणि सर आल्फ रॅमसे कोण हे मात्र त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही.